पाहुण्याच्या गळ्यातला बिल्ला

मंडळी, आपल्या मराठीत दारी येणाऱ्या माणसासाठी शब्दांची वानवा नाही. पाहुणा आहे, सोयरा आहे, अतिथी आहे, अभ्यागत आहे, आणि न बोलावता टपकला तर आगंतुकही आहे. प्रत्येकाची छटा वेगळी. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असं मी वर्गात किती वर्षं शिकवलं असेल! पण हल्ली कुठल्याही मोठ्या ऑफिसात गेलं की हे सगळे शब्द एका प्लास्टिकच्या पाकिटात कोंबून आपल्या गळ्यात अडकवतात. वर लिहिलेलं असतं, 'व्हिजिटर'. झालं. पुढचा तासभर आपण तेवढेच.

आजचा विषय हा बिल्ला. आमची नातवंडं म्हणतील, आजीला आता लिहायला काही उरलं नाही वाटतं. म्हणू देत. एवढ्याशा वस्तूत बरंच काही दडलेलं आहे असं मला गेली काही वर्षं वाटतंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना इथूनच परत फिरता येईल. बिल्ला हवा. त्याला माझा मुळीच विरोध नाही. पण तो पाहुण्याला जितका बांधतो तितकाच बोलावणाऱ्यालाही बांधणारा हवा. आणि तो देताना जेवढी काळजी घेतात, तेवढीच परत घेताना घ्यायला हवी. या दोन गोष्टी नसतील तर तो बिल्ला म्हणजे नुसता देखावा, आणि त्या देखाव्यापायी आपण आपली बरीच माहिती अनोळखी टेबलावर ठेवून येतो.

आमच्या शाळेत बिल्ला वगैरे काही नव्हतं. फाटकापाशी शिपाईमामा असायचे. त्यांना साडेसहाशे मुलांचे आईबाप, काका, आत्या, एवढंच काय, कुणाच्या घरी कोण पाहुणं उतरलंय हेसुद्धा माहीत असे. मधल्या सुट्टीत कुणी मुलाला न्यायला आलं की मामा आधी त्या माणसाकडे बघत नसत, मुलाच्या चेहऱ्याकडे बघत. मूल हरखून पुढे धावलं तर ठीक. मागेच रेंगाळलं, तर "बसा जरा, बाईंना विचारून येतो." ओळखपत्र तपासण्याची याहून चांगली पद्धत मी अजून पाहिलेली नाही.

पण ती चालत होती, कारण गाव लहान होतं आणि मामा तीस वर्षं त्याच फाटकावर होते. आजच्या हिंजवडीतल्या एकेका इमारतीत आमच्या गावाहून जास्त माणसं कामाला असतात. फाटकावरचा मुलगा एजन्सीकडून आलेला, कदाचित गेल्या महिन्यातच. त्याने कुणाला चेहऱ्यावरून ओळखावं? त्यात नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर आपल्याकडे दारांवरचा बंदोबस्त वाढला. तो वाढायलाच हवा होता. जिथे ओळख पुरत नाही तिथे खूण लागते. बिल्ला ही ती खूण. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयासाठी जुने संगणक मिळतात का हे बघायला आम्ही तिघं एका कंपनीत गेलो होतो. मी, वाचनालयाचे सचिव आणि एक तरुण कार्यकर्ता. वेळ आधी ठरलेली होती. फाटकावर वही पुढे आली. नाव, पत्ता, मोबाइल नंबर, कुणाला भेटायचं, आत जाण्याची वेळ, सही. मी लिहायला बसले तर माझ्या वरच्या ओळीत एका मुलीचं नाव, तिच्या हॉस्टेलचा पत्ता आणि मोबाइल नंबर, सगळं सुवाच्य अक्षरात. मुलाखतीला आली असावी. माझ्या मागे रांगेत दहा-बारा जण होते. त्यांच्यातल्या कुणालाही तो नंबर सहज टिपून घेता आला असता. मग आधार कार्डाची झेरॉक्स. मग एका छोट्या कॅमेऱ्यात बघायचं. मग बिल्ला मिळाला, 'व्हिजिटर १४'. त्यावर ना माझं नाव, ना फोटो, ना तारीख, ना मी कुणाकडे आलेय ते.

मग चाळीस मिनिटं बसलो. बोलावणाऱ्या साहेबांची मीटिंग लांबली होती, ते समजू शकते. शेवटी वरून निरोप आला, तिसऱ्या मजल्यावर पाठवा. न्यायला कुणी आलं नाही. आम्ही आपले विचारत विचारत गेलो. तिथली दारं कार्ड लावल्याशिवाय उघडत नाहीत, पण नऊवारी नेसलेल्या म्हातारीसाठी दार धरून ठेवणार नाही असा माणूस अजून महाराष्ट्रात जन्माला यायचाय! एकेक मुलगा हसून दार धरत होता, "या आजी, या." तीन दारं अशी ओलांडली. एकानेही विचारलं नाही की आजी, कुणाकडे? संस्कार छान होते हो, पण मग खालच्या कॅमेऱ्याचा आणि झेरॉक्सचा उपयोग काय?

परतताना फाटकावर पाळी बदललेली. नव्या मुलाने तिन्ही बिल्ले घेऊन एका डब्यात टाकले. मी म्हटलं, "वहीत बाहेर पडल्याची वेळ लिहायची ना?" तो म्हणाला, "राहू द्या आजी, चालतं." मी वहीत डोकावले. 'बाहेर' हा रकाना पानभर कोरा होता. म्हणजे कागदोपत्री आम्ही तिघं अजूनही त्या इमारतीतच आहोत. (संगणक मिळाले, सहा. त्याबद्दल आभारच आहेत.)

हा किस्सा मी माझ्या भाच्याला सांगितला. तो पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्याचं फाटक सांभाळतो. म्हणजे सुरक्षा विभागात आहे. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "मावशी, फाटकावरची नोकरी सकाळी बिल्ले वाटायची नसतेच. संध्याकाळी मोजायची असते."

मग त्याने मला तासभर जे सांगितलं, ते मला मोलाचं वाटलं. थोडक्यात मांडते.

त्याच्याकडे साठ बिल्ले आहेत. एक ते साठ आकडे घातलेले. संध्याकाळी पाळी संपताना फळीवर साठ बिल्ले परत लटकलेले दिसले पाहिजेत. सत्तावन्न दिसले तर ते तीन आकडे वहीत शोधायचे, ज्यांनी त्या पाहुण्यांना बोलावलं होतं त्यांना फोन लावायचा. बहुतेक वेळा पाहुणा अजून आत चहा पीत बसलेला असतो, नाहीतर बिल्ला खिशातच घेऊन पुण्याला पोचलेला असतो. परत मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर तो आकडा कायमचा रद्द. त्या आकड्याचा नवा बिल्ला करायचा नाही. का? तर हरवलेला बिल्ला उद्या भलत्याच्या गळ्यात दिसला तर तो ओळखता यावा म्हणून. "हरवलेला बिल्ला म्हणजे हरवलेली किल्लीच समज," तो म्हणाला.

काही ठिकाणी एका दिवसाचे चिकटवायचे कागदी बिल्ले असतात, तेही त्याने दाखवले. त्यावर तारीख ठळक छापतात. काहींचा कागद तर असा असतो की साधारण दिवसभरात आतली शाई वर झिरपते आणि बिल्ल्यावर लाल पट्टे उमटतात. उद्या तोच लावून आला तर लांबूनच कळतं. मला हे फार आवडलं. वस्तूच आपणहून सांगते की माझी वेळ संपली!

रंगाचीही गंमत आहे. मला वाटायचं पाहुण्याचा बिल्ला वेगळ्या रंगाचा असतो तो त्याच्यावर नजर ठेवता यावी म्हणून. कारखान्यात त्याचा आणखी एक अर्थ आहे. पाहुण्याच्या डोक्यावरचं हेल्मेटही तिथे वेगळ्या रंगाचं आहे. तो रंग दिसला की क्रेनवाल्याला, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला कळतं, या माणसाला इथल्या वाटा ठाऊक नाहीत. पिवळ्या पट्ट्याच्या आतून चालायचं असतं, भोंगा वाजला की बाजूला व्हायचं असतं, हे त्याला माहीत नाही. म्हणजे तो रंग इतरांना सांगतो, याला सांभाळा. मला नवीन मुलाच्या दप्तराला पहिल्या दिवशी आई लाल रिबीन बांधते ना, तिची आठवण झाली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आग. भोंगा झाला की सगळ्यांनी ठरलेल्या मोकळ्या जागी जमायचं आणि मोजणी करायची. कामगारांची मोजणी हजेरीवरून होते. पाहुण्यांची कशावरून होणार? फाटकावरच्या वहीवरून. त्या वहीत 'बाहेर'चा रकाना कोरा असेल तर दोनच गोष्टी होतात. एक तर जो मघाशीच घरी गेलाय त्याला शोधायला कुणीतरी आपला जीव धोक्यात घालून धुरात शिरतो, नाहीतर वहीवर कुणाचा विश्वासच नसल्यामुळे जो खरोखर आत आहे त्याला कुणी शोधत नाही.

२१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. दुपारी चौथ्या मजल्यावर लागली आणि वरच्या मजल्यांपर्यंत गेली. पाच माणसं गेली. त्यांत कामासाठी बाहेरून आलेली माणसंही होती. तिथल्या नोंदवहीबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो विषय वेगळा. मला एवढंच दिसतं की मोठ्या इमारतीत आग लागते तेव्हा आत फक्त पगारपत्रकावरची माणसं नसतात. कुणी गावाहून अर्ज घेऊन आलेलं असतं. त्याला जिना कुठे आहे हे ठाऊक नसतं, आणि त्याला नावाने हाक मारणारं मजल्यावर कुणी नसतं.

हे सगळं ऐकताना मला हिरकणी आठवली. आमच्या पिढीने ती गोष्ट आईच्या काळजाची गोष्ट म्हणून शिकवली आणि ती तशी आहेच. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, कोजागरीचा दिवस, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. आख्यायिकाच ती, पण आजही बुरूज तिच्या नावाने ओळखला जातो. आता या वयात मला त्या गोष्टीत एक दुसरा प्रश्न दिसतो. सकाळी दूध घेऊन वर आलेल्या किती गवळणी खाली गेल्या, हे दरवाजा लावण्याआधी कुणी मोजलं होतं का? पहारेकरी नेमाला पक्के होते, वेळ झाली की दार बंद. पण आत राहिलेल्यांची गणती त्या नेमात नव्हती. येणाऱ्याला अडवायचा नियम सगळ्यांना सुचतो. आत राहिलेल्याची काळजी करायचा नियम कुणीतरी कडा उतरल्यावर सुचतो.

आता माहितीचं बघू. कारण बिल्ल्याच्या बदल्यात आपण ती देतो.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि त्यातली मुख्य बंधनं पाळायची तयारी करायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्याचा गाभा सोपा आहे. माहिती कशासाठी घेता ते सांगा, त्यासाठीच वापरा, काम संपलं की पुसून टाका. फाटकावर काढलेला माझा फोटो, संगणकात भरलेला माझा नंबर हे सगळं यात येतं.

पण यात एक मेख आहे. कायदा डिजिटल माहितीचा आहे. जी माहिती कागदावर घेतली आणि कागदावरच राहिली, ती त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे त्या मुलीच्या हॉस्टेलचा पत्ता लिहिलेली ती उघडी वही कायद्याला दिसतच नाही! तिथे आपलं तारतम्यच कामाला यायला हवं. आणि तारतम्याला पैसे पडत नाहीत. वहीऐवजी प्रत्येकाला एक सुटी चिठ्ठी भरायला द्यावी, ती पेटीत टाकावी. किंवा वरच्या ओळी झाकायला एक पुठ्ठा ठेवावा. मुलांनी एकमेकांचं बघून लिहू नये म्हणून आम्ही मध्ये दप्तरं उभी करायला लावायचो, तितकं साधं.

आधारचंही तसंच. बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड' आधार डाउनलोड करता येतं, त्यात शेवटचे चारच दिसतात. फाटकावर चेहरा आणि नाव जुळतंय का एवढंच बघायचं असेल तर ते पुरे आहे. मी आता तेच छापून पर्समध्ये ठेवते. आणि झेरॉक्स ठेवूनच घ्यायची असेल तर ती कुठे राहणार आणि कधी फाडणार, एवढं विचारते. विचारल्यावर बहुतेक जण "बरं, नुसतं दाखवा" म्हणतात. म्हणजे झेरॉक्सची गरज नव्हतीच, ती सवय होती.

सगळ्यात खटकतो तो भेदभाव. सुटातल्या पाहुण्याला फाटकावर खुर्ची, पाणी, फितीला लावलेला सुबक बिल्ला. त्याच फाटकावर नळ दुरुस्त करायला आलेल्याला, डबा पोचवायला आलेल्या मुलाला, "लायसन ठेवून जा." ओळखपत्र दाखवणं वेगळं आणि ठेवून जाणं वेगळं. त्या मुलाचं लायसन ही त्याची भाकरी आहे. गर्दीत ते हरवलं तर दंड त्याला, खेटे त्याला. बिल्ला परत यावा म्हणून हे करतात, असं भाचा म्हणाला. मी म्हटलं, मग साहेबांच्या पाहुण्याचं पाकीट का ठेवून घेत नाही? यावर तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, साहेबांच्या पाहुण्याला मी नाव विचारलं तरी वरून फोन येतो."

हेच खरं दुखणं आहे. फाटकावरचा मुलगा बारा-बारा तास उभा असतो. त्याने नियम पाळला तर मोठी माणसं रागावतात, नाही पाळला तर नोकरी जाते. मग तो नियम ज्याच्यावर चालतो त्याच्यावर चालवतो. नियम सगळ्यांना सारखा असायला हवा असेल तर त्याचा भार वरच्यांनी घ्यायला हवा. म्हणून मी म्हणते, बिल्ल्यावर बोलावणाऱ्याचं नाव लिहा. 'व्हिजिटर १४' नको. 'अमुक यांच्याकडे, अमुक विभाग, अमुक तारीख' असं हवं. मग तिसऱ्या मजल्यावर भटकणारी म्हातारी दिसली की कुणीही विचारेल, "आजी, चला, तुम्हाला त्यांच्याकडे सोडतो." त्यात संशय घेतल्यासारखं काही नाही, उलट आपुलकीच आहे. आणि बोलावणाऱ्यालाही कळेल की पाहुण्याला घ्यायला फाटकावर जावं लागतं आणि सोडायलाही. घरी नाही का आपण पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जात?

आता यंत्रं आली आहेत. २०२५ मध्ये मंत्रालयातसुद्धा चेहरा ओळखणारी यंत्रणा बसली आणि अभ्यागतांनी आधी अ‍ॅपवर नोंदणी करायची पद्धत सुरू झाली. स्मार्टफोन नसणाऱ्यांसाठी खिडकीचीही सोय केली गेली, ते बरं केलं. यंत्राला माझा विरोध नाही. ते थकत नाही, साहेबाला घाबरत नाही, आणि बाहेर पडल्याची वेळ न विसरता टिपतं. फक्त ती खिडकी कायम राहावी. ज्याला दारातच अडखळायला होतं, त्याचंच काम बऱ्याचदा आत सगळ्यात निकडीचं असतं.

लांबलं थोडं. आमच्या घराण्यात जे जे कुठल्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर आहेत (आणि हे वाचत आहेत असा माझा समज आहे), त्यांच्यासाठी एक गृहपाठ देते. उद्या संध्याकाळी निघताना फाटकावर दोन मिनिटं थांबा. आज किती बिल्ले दिले आणि किती परत आले, एवढंच विचारा. उत्तर लगेच आलं तर त्या मुलाला शाबासकी द्या. नाही आलं, तर त्याला रागावू नका. तो आकडा तुम्ही त्याला याआधी कधी विचारला होता का, ते आठवून बघा. आणि काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.